तिघांचं व्हिएन्ना

व्हिएन्नाचे फोटो मी अजून कुणाला दाखवलेले नाहीत. अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिलमध्ये ही जवळजवळ गुन्ह्यात जमा होणारी गोष्ट आहे. इथल्या मराठी मंडळींत कुणी कुठे फिरून आलं, की पुढच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, टीव्हीला फोन जोडून सगळ्यांना सगळं दाखवायचं, अशी रीतच पडली आहे. लोक आधी वाट बघतात, मग विचारतात, मग टोमणे मारायला लागतात. मी दर वेळी वेळ मारून नेते. कधी फोटो लावायचे राहिलेत, कधी ते लेकीच्या फोनमध्ये आहेत. खरं कारण एवढंच, की त्या फोटोंत आम्ही तिघं आहोत आणि असायला हवे होतो चौघं.

चौथी म्हणजे माझी आई. ती पुण्यात एकटी राहते आणि एक वर्षाआड हिवाळ्यात आमच्याकडे येते. तीस वर्षं तिनं एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क म्हणून काम केलं. फॉर्म भरण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. रेशनकार्ड, पेन्शन, कुणाच्या मुलाचा पासपोर्ट, अख्ख्या गल्लीचे कागद आमच्या जेवणाच्या टेबलावर यायचे. तिच्या ऑफिसात टेबलामागे कुठल्याशा कंपनीचं परदेशी चित्रांचं कॅलेंडर टांगलेलं असायचं. त्यातलं डिसेंबरचं पान म्हणजे बर्फातला एक लांबलचक पिवळा राजवाडा. खाली लिहिलं होतं, व्हिएन्ना. वर्ष संपलं, कॅलेंडर गेलं, पण ते पान आईनं कापून ऑफिसातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. शाळा सुटल्यावर मी तिथे जाऊन बसायची, त्यामुळे तो राजवाडा मलाही पाठ होता.

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आम्ही नाताळच्या सुट्टीचं ठरवत होतो. नवरा म्हणाला, यंदा युरोप करू. लेक ॲन आर्बरला शिकत होती, तिला आठ-दहा दिवस मिळणार होते. मी म्हटलं, व्हिएन्ना. आणि त्या उमाळ्यात लगेच पुण्याला फोन लावला. "आई, तू ऑक्टोबरमध्ये येतेच आहेस. डिसेंबरात आपण सगळे तुझा राजवाडा बघायला जाऊ."

ती पलीकडून म्हणाली, "अगं, मला झेपेल का?"

"न झेपायला काय झालं? तू काही करू नकोस. व्हिसाचं, तिकिटाचं, सगळं मी बघते."

हे 'मी बघते' माझं फार जुनं आहे. ऑफिसात मी प्रोजेक्ट चालवते, त्यामुळे घरातही सगळं मीच बघते, आणि बघते म्हणजे दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. कुठल्या दिवशी काय पाहायचं त्याचा तक्ता करून मी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. आईनं त्याला हात जोडलेलं चित्र पाठवलं. दोन दिवसांनी लोकरीचे पायमोजे घेतल्याचा फोटो पाठवला.

आता व्हिसाचं सांगते. आमच्या तिघांचे पासपोर्ट अमेरिकेचे. आम्हाला तिकडे जायला काही लागत नाही, विमानात बसायचं आणि उतरायचं. आईचा पासपोर्ट भारताचा. तिला व्हिसा लागणार, आणि तो तिला इकडे यायच्या आधी, मुंबईला स्वतः जाऊन काढावा लागणार. अपॉइंटमेंट ऑनलाइन घ्यायची होती. ती मी घेणार होते.

ऑगस्टच्या सुरुवातीला एका शनिवारी सकाळी मी ती साइट उघडली. तारखांचं पान समोर आलं. त्यात बरेच चौकोन हिरवे होते, म्हणजे जागा होत्या. मी चहा पीत त्या हिरव्या चौकोनांकडे बघत बसले. मग लॅपटॉप मिटला.

का मिटला, ते मी स्वतःलाही पुष्कळ दिवस धड सांगितलं नव्हतं. आईचा गुडघा दुखतो, तिला दर तासाला बाथरूम लागते, ती शाकाहारी आहे, थंडी बाधते, ही कारणं होती आणि ती खोटीही नव्हती. पण डोळ्यांसमोर आला तो ॲन आर्बरमधला एक दिवस. त्याच्या आधीच्या खेपेला आम्ही आईला लेकीचं कॉलेज दाखवायला घेऊन गेलो होतो. एका गजबजलेल्या कॅफेत बसलो. मी कॉफी घेऊन येते तोवर आईनं टेबलावर कागद पसरला होता, दशम्यांचा डबा उघडला होता, लसणाच्या चटणीचा वास सगळीकडे गेला होता आणि ती शेजारच्या टेबलावरच्या दोन अनोळखी मुलींना हातानं खुणा करून "घ्या, घ्या" म्हणत होती. त्या मुली हसत होत्या. चांगल्या हसत होत्या, हे मला आज कळतं. एकीनं तुकडा घेतलाही होता. पण माझे कान तापले. "आई, प्लीज!" म्हणत मी डब्याचं झाकण लावलं, ते जरा जोरातच लागलं. त्यानंतर आईनं माझ्यासोबत असताना बाहेर कधीच डबा उघडला नाही. मला त्या वेळी बरंच वाटलं होतं.

तर व्हिएन्नातल्या एखाद्या देखण्या कॅफेत तो डबा उघडू नये म्हणून मी लॅपटॉप मिटला. लिहिताना हात जड होतोय, पण गोष्ट एवढीच आहे.

रविवारी फोनवर आईनं विचारलं तेव्हा मी म्हणाले, "अगं, अपॉइंटमेंटच मिळत नाहीयेत. डिसेंबरपर्यंत सगळं फुल आहे. रोज बघतेय मी."

"रोज नको बघत बसूस. तुला ऑफिसचं काय कमी आहे?" ती म्हणाली.

नवऱ्यालाही तेच सांगितलं. "अगं, परत ट्राय कर ना यार," तो म्हणाला. "कॅन्सलेशन्स होतात. आईंना घेऊनच जाऊ." मी म्हटलं, करतेय ना. पुढच्या आठवड्यात मी आईला दोनदा फोन केला तर लागला नाही. नंतर ती म्हणाली, "मुंबईला गेले होते, मैत्रिणीच्या पंचाहत्तरीला." मला उलट हायसं वाटलं, की चला, ती आपल्या व्यापात आहे, तिनं मनाला लावून घेतलेलं दिसत नाही.

ऑक्टोबरमध्ये आई आली. पहिल्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. लेकही शनिवार-रविवारसाठी घरी आली होती. आमटीभात झाला आणि आई एकदम खुर्ची मागे सारून उठली. "थांबा हं. एक गंमत आहे," म्हणाली आणि पर्स आणायला तिच्या खोलीकडे वळली. तिचा चेहरा शाळेच्या निकालाच्या दिवशी असायचा तसा झाला होता.

मला वाटलं, आता व्हिएन्नाचा विषय निघणार. तिनं काही विचारायच्या आधीच आपण बोलून टाकावं म्हणून मी तिच्या पाठीमागून म्हटलं, "आई, व्हिएन्नाचं तू वाईट वाटून घेऊ नकोस हं. आम्ही तिघांचंच बुकिंग केलंय. हॉटेल, ट्रेन, सगळं. आता त्यात काही बदलता येणार नाही. आणि खरं सांगू? तिथली थंडी तुला सोसलीच नसती. झालं ते बरंच झालं."

शेवटचं वाक्य मी हसत म्हटलं होतं. मला मोकळं वाटत होतं आणि ते लपवायचंही मला सुचलं नाही.

आई दारात क्षणभर थांबली. मग आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात आलेपाकाचं पाकीट होतं.

"हीच गंमत?" नवरा हसला.

"हो. तुम्हाला आवडतो ना!" ती म्हणाली आणि प्रत्येकाच्या पानात दोन-दोन वड्या ठेवल्या.

"थँक्स, आजी!" लेक म्हणाली. आलेपाक तिखट होता. आम्ही सगळ्यांनी तो मजेत खाल्ला.

नाताळच्या आधी तीन दिवस आम्ही निघालो. मी आईसाठी फ्रिजमध्ये आठ डबे करून ठेवले होते, प्रत्येकावर वाराची चिठ्ठी. दोन रस्ते सोडून राहणाऱ्या एक काकू रोज डोकावून जाणार होत्या. त्या आमच्या पॉटलक मंडळातल्या सगळ्यांत जुन्या. बाहेर वीतभर बर्फ होतं. आईनं आमच्या तिघांच्या तळहातांवर दही-साखर घातली. मी बॅगा ओढत होते, तर मला दारात थांबवून घातली. "जपून जा. आणि मला दाखवा सगळं फोनवर."

व्हिएन्ना सुंदर आहे. तसं न म्हणावं असा एक कोपरा मला तिथे सापडला नाही. टाउन हॉलसमोर नाताळचा बाजार भरला होता, भाजलेल्या चेस्टनटचा वास येत होता, घोडागाड्यांच्या घोड्यांच्या पाठीवर शाली होत्या. आणि जिकडे तिकडे म्हाताऱ्या होत्या. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. लोकरी टोप्या घातलेल्या, काठ्या टेकत चालणाऱ्या, आरामात केक खात बसलेल्या. त्या ट्राममध्ये चढल्या की आधीच बसलेले उठत. एकही जण घड्याळ बघत नसे. एका कॅफेत आमच्या शेजारच्या टेबलावर एका आजींनी पर्समधून रुमालात बांधलेली घरची बिस्किटं काढली आणि कॉफीत बुडवून खाल्ली. वेटरनं त्यांना आणखी एक रिकामी बशी आणून दिली.

लेक बघत होती. "आजी वुड हॅव लव्ह्ड धिस," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "मम्मा, डिड यू कीप चेकिंग? फॉर द अपॉइंटमेंट?"

"रोज," मी म्हणाले. एव्हाना ते इतकं सहज तोंडातून येत होतं, की मलाच क्षणभर खरं वाटलं.

आई फोनवर मात्र खूश होती. आमच्याकडे सकाळचे अकरा वाजायचे तेव्हा नेपरव्हिलला पहाटेचे चार, तरी ती उठून बसलेली असायची, शाल पांघरून. आणि तिला सगळं माहीत होतं. "आज त्या मोठ्या घड्याळापाशी जाणार ना? बाराच्या ठोक्याला जा. सगळ्या बाहुल्या तेव्हाच बाहेर येतात," ती म्हणाली. तक्ता मी केला होता, पण हे मला ठाऊक नव्हतं. राजवाड्याला गेलो त्या दिवशी बर्फ पडत होतं, अगदी डिसेंबरच्या पानासारखं. मी फोन वर धरला. आईनं चष्मा पुसला आणि फोन डोळ्यांजवळ घेतला. "पिवळा जरा फिका आहे," शेवटी म्हणाली. "आता मागच्या टेकडीवर चढा. तिथून अख्खं शहर दिसतं. वाट डावीकडून आहे, पायऱ्या नाहीत. माझ्यासारखीलाही चढता येईल अशी आहे."

"तुला कसं माहीत?" मी विचारलं.

"वाचलं कुठेतरी," ती म्हणाली.

मला वाटलं, रिकामपणी व्हिडिओ बघत असेल. आम्ही चढलो. वाट खरोखरच सोपी होती. वर पोचल्यावर नवऱ्यानं हात लांब करून आमच्या तिघांचा फोटो काढला. त्यात मी हसते आहे. तो फोटो मला बघवत नाही.

परत आलो तर घराच्या पायऱ्या स्वच्छ होत्या. ताजं बर्फ पडून दोन दिवस झाले होते आणि आम्ही नसताना फावडं मारायला कुणी नव्हतं. आईनं स्वयंपाकघरातल्या सुपलीनं चारही पायऱ्यांवरचं बर्फ काढलं होतं. "तुम्ही बॅगा घेऊन येणार, घसराल म्हणून," ती म्हणाली. मी तिच्यावर ओरडले. गुडघा दुखेल, पडली असतीस तर केवढ्याला पडलं असतं, कुणी सांगितलं होतं. फ्रिज उघडला तर गुरुवार आणि शुक्रवारचे डबे तसेच होते. त्याबद्दलही ओरडले. माझ्यात खोट असली की माझा आवाज चढतो, हे नवऱ्याला ठाऊक आहे. तो बॅगा वर घेऊन गेला.

मार्चमध्ये आईची परत जायची वेळ आली. आदल्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात तिचं चेक-इन करायला बसले. आई अंघोळीला गेली होती. पासपोर्ट ती नेहमी तिच्या शिवलेल्या कापडी पाकिटात ठेवते आणि कुणाला हात लावू देत नाही. त्या दिवशी पाकीट टेबलावरच होतं. नंबर हवा होता म्हणून मी पासपोर्ट काढला आणि नंबरच्या पानाऐवजी मध्येच कुठेतरी उघडला.

एका पानावर अमेरिकेचा व्हिसा होता. पुढच्या पानावर आणखी एक होता.

त्यावर आईचा फोटो होता, चष्मा काढलेला, कान दिसतील असे केस मागे घेतलेला. ऑस्ट्रियाचं नाव होतं. तारखा होत्या वीस डिसेंबर ते दहा जानेवारी. त्या पानावर एकही शिक्का नव्हता. पानांच्या मध्ये चौघडी घातलेला एक कागद होता. माझाच तक्ता, आईच्या हस्ताक्षरात इंग्रजीत उतरवलेला. दिवस पहिला, दिवस दुसरा. व्हिसासाठी असा दिवसवार कागद द्यावा लागतो. प्रत्येक दिवसापुढे तिनं बारीक अक्षरात टिपणं केली होती. घड्याळ, बारा वाजता. टेकडी, वाट डावीकडून, पायऱ्या नाहीत.

आई केस पुसत आली. तिनं माझ्या हातात काय आहे ते पाहिलं आणि टॉवेल खुर्चीवर ठेवला.

"कधी काढलास?" मी विचारलं.

"ऑगस्टमध्ये. दोनदा मुंबईला गेले."

"पंचाहत्तरीला?"

"तेच ते." ती जरा हसली. "तू म्हणालीस सगळं फुल आहे. मी म्हटलं, हिला ऑफिसच्या गडबडीत बघायला वेळ होत नसेल, उगाच माझ्यासाठी जीव टांगून घेतला असेल. मी स्वतःच साइट उघडली. चार दिवसांनंतरची तारीख मिळाली की. बाकीचे फॉर्म काय, जन्म गेला माझा त्यात. तुला एकदम दाखवणार होते."

"मग दाखवला का नाहीस?"

प्रश्न विचारताना मला उत्तर कळलं. आलेपाकाचं पाकीट डोळ्यांसमोर आलं.

"त्या दिवशी तू इतकी मोकळी दिसलीस," आई म्हणाली. "झालं ते बरंच झालं म्हणालीस. तेव्हा कळलं, की वेळ झाला नाही असं नव्हतं ते. मग काय दाखवायचं?"

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मी रडायला लागले. "आई, चुकलं माझं," म्हणाले. "पुढच्या वर्षी आपण दोघीच जाऊ. मी खरंच..."

"नको गं आता. पाहिला की मी, तू दाखवलास तो," ती म्हणाली. तिनं पासपोर्ट माझ्या हातातून घेतला, नंबरचं पान उघडून माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "घाल नंबर. खिडकीची जागा मिळते का बघ."

दुसऱ्या दिवशी मी एकटीच तिला विमानतळावर सोडायला निघाले. वाटेत काकूंचा फोन आला. आईनं तो स्पीकरवर टाकला, कारण तिच्या एका हातात डबा होता. विमानात खायला म्हणून दशम्या मी केल्या होत्या, जमतील तशा, आणि ती तो डबा मांडीवर धरून बसली होती.

काकू म्हणाल्या, जपून जा, परत या, तुमच्या वड्या आठवतील. मग म्हणाल्या, "एक मात्र राहिलंच बाई. तुमचं व्हिएन्ना हुकलं. लेकीनं जरा हात-पाय हलवले असते, तर मिळाला असता हो व्हिसा. आमच्या सासूबाईंना मिळाला होता."

मी स्टिअरिंग घट्ट धरलं. फोन आमच्या दोघींच्या मध्ये होता. एक वाक्य बोलायचं होतं. 'काकू, व्हिसा तिच्याजवळ होता, मीच तिला नेलं नाही.' मी मनात ते पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत जुळवलं.

"छे हो!" आई म्हणाली. "असं नका म्हणू. रोज बघत होती ती, ऑफिस सांभाळून. तिनं काही करायचं बाकी ठेवलं नाही. माझाच योग नव्हता."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. डब्याच्या झाकणावर हात ठेवून ती समोर बघत होती.

आणि मी, तेव्हाही, काही बोलले नाही.